जिवाणूंच्या साखळीवरच्या खुंट्या

आपल्या अंगात चरबी साठते, तसं कित्येक जिवाणूंच्या पेशीत पॉलिएस्टर, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, साठतं. कर्ब भरपूर, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस अपुरा, अशी वेळ आली की त्यांची वाढ खुंटते. मग उरलेला कर्ब ते लांबलचक साखळ्यांत गुंफतात आणि बारीक कणांच्या रूपात राखून ठेवतात. 'क्युप्रिअॅव्हिडस नेकेटर' या जिवाणूच्या कोरड्या वजनात ८० टक्क्यांपर्यंत हेच भरू शकतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पेशी चमकदार गोळ्यांनी ठासून भरलेली दिसते.

मॉरिस लेमॉइन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये हा पदार्थ ओळखला. तो म्हणजे पॉलीहायड्रॉक्सीब्युटिरेट. मातीत सहज कुजतो, पण ठिसूळ आहे. वितळतो साधारण १७५ अंश सेल्सिअसला, आणि त्याच्या जरा वर गेलं की त्याच्या साखळ्या तुटू लागतात. साच्यात ओतणाऱ्याची त्यामुळे फार अडचण होते.

मला खरी गंमत वाटते ती 'स्यूडोमोनास' गटातल्या जिवाणूंची. त्यांना जे मेदाम्ल खायला द्यावं, त्याचा ठसा पॉलिएस्टरवर उमटतो. एरंडेल तेलापासून मिळणारं अंडेसिनॉइक आम्ल घ्या. त्यात ११ कर्ब अणू असतात आणि अगदी शेवटच्या टोकाला एक दुहेरी बंध. जिवाणू दुसऱ्या टोकाकडून दोन-दोन कर्ब कातरत जातो, त्यामुळे हा बंध शाबूत राहतो आणि साखळीच्या फांदीच्या टोकाशी येऊन बसतो. सोबत साधं ऑक्टॅनॉइक आम्ल मिसळलं तर अशा फांद्या कमी होतात. किती हव्यात, ते खाण्यातल्या प्रमाणावर ठरतं.

हे दुहेरी बंध म्हणजे भिंतीवरच्या खुंट्या. जिवाणूने त्या ठोकून दिल्या की रसायनतज्ज्ञाने त्यांवर हवं ते टांगावं. परमँगनेट या ऑक्सिडीकारक रसायनाने बंध तोडून तिथे कार्बोक्सिल गट, म्हणजे आम्लधर्मी अणुगट, आणता येतो. मग मूळचं पाण्याला फटकून वागणारं पॉलिएस्टर पाण्याशी सलगी करू लागतं, आणि त्या गटाला औषधाचा रेणूही जोडता येतो. दुहेरी बंधाचं इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन असलेलं तीन अणूंचं कडं, केलं, तर साखळ्या एकमेकींना बांधून रबरासारखा पदार्थ मिळतो.

मात्र हात हलका हवा. साखळीचा कणा एस्टर बंधांचा, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून होणाऱ्या बंधांचा, असतो. तीव्र आम्ल, अल्कली किंवा जोरकस ऑक्सिडीकरणात फांदीबरोबर कणाही तुटतो, साखळ्या आखूड होतात आणि जिवाणूची मेहनत वाया जाते. म्हणून गंधकयुक्त थायोल रेणू अतिनील प्रकाशाच्या मदतीने दुहेरी बंधाला जोडण्याची पद्धत मला अधिक पटते. ती सौम्य तापमानात होते आणि कण्याला सहसा धक्का लावत नाही.