मासकॉमची पदवी आणि पटकथालेखनाचा अभ्यासक्रम

जळगाव-धुळ्याकडच्या मुलाने ‘मला सिनेमा लिहायचा आहे’ असे घरी सांगितले, की कोणीतरी जाणता नातेवाईक ‘मग मासकॉमला घाल त्याला’ असा सल्ला देऊन मोकळा होतो. दोन्हीकडे कॅमेरा आहे आणि दोन्हीकडे लिहिणे आहे, त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. परंतु तिच्यापायी तीन वर्षे भलत्याच वाटेने जाऊ शकतात.

मासकॉमची, म्हणजे मास कम्युनिकेशनची (जनसंज्ञापनाची) पदवी मुख्यतः माध्यमांची ओळख करून देते. वार्तांकन, जाहिरात, जनसंपर्क, माध्यमविषयक कायदे असे विषय तिथे असतात आणि पटकथा आलीच तर एखाद्या पेपरपुरती येते. पटकथालेखनाच्या स्वतंत्र अभ्यासक्रमात मात्र कथाकल्पना, दृश्यांचा आराखडा, पहिला खर्डा आणि मग त्याचे पुनर्लेखन हेच मुख्य काम असते.

रावेरकडे वादळात केळीची बाग आडवी झाली, असे समजा. बातमी लिहिणारा किती हेक्टर, किती नुकसान, पंचनामा कधी, हे पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकतो, आणि ते योग्यच आहे. पटकथाकाराला यातले काहीच थेट सांगता येत नाही. बांधावर बसलेल्या माणसाचा फोन वाजतो, फोनच्या पडद्यावर व्यापाऱ्याचे नाव दिसते आणि तो फोन उचलत नाही, एवढेच त्याने लिहायचे; ‘त्याला फार दुःख झाले’ हे वाक्य कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ते खोडायचे. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असल्याने प्रत्येक ओळीला जागा मोजून मिळते. ही सवय एका पेपरच्या तयारीत लागत नाही.

प्रवेशाच्या बाबतीत तर गैरसमज अधिकच आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म संस्थेत पटकथेच्या अभ्यासक्रमासाठी पदवी लागते, पण ती मासकॉमचीच असावी अशी अट नाही. चोपड्याच्या किंवा अमळनेरच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. किंवा मराठी विषयात बी.ए. झालेला विद्यार्थीही तिथली प्रवेश परीक्षा देऊ शकतो. ज्याला पत्रकारितेत रस आहे, त्याने मासकॉम जरूर करावे. केवळ पटकथेची पायरी म्हणून शहरात खोली घेऊन महागडी पदवी करण्याचे कारण मला तरी दिसत नाही. (घरी राहून गावातल्या लग्नाच्या पंगतीत कान उघडे ठेवले, तरी संवादांचा बराच अभ्यास होतो.)

जाहिरातीत ‘स्क्रीनरायटिंग’ हा शब्द दोन्हीकडे छापलेला असू शकतो. म्हणून माहितीपत्रकावर विसंबून न राहता अभ्यासक्रमाची प्रत मागावी, आणि वर्षभरात विद्यार्थी पूर्ण लांबीच्या किती पटकथा लिहितो व त्या ओळ न् ओळ कोण तपासून देते, हे तिथल्या शिक्षकांनाच विचारावे.