घरगुती यंत्रकाम (मॉडेल इंजिनिअरिंग)

घराच्या आवारातल्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा एखाद्या अडगळीच्या खोलीत छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारे यंत्र), ड्रिल आणि जमल्यास मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र) मांडून हौसेखातर केलेले धातुकाम. ब्रिटनमध्ये या छंदाला मॉडेल इंजिनिअरिंग म्हणतात, कारण तिथल्या हौशी मंडळींचा ओढा पहिल्यापासून खऱ्या वाफेवर पळणाऱ्या छोट्या रेल्वे इंजिनांकडे राहिला. अमेरिकेत मॉडेलपेक्षा अवजारे आणि दुरुस्तीकडे कल जास्त. मंडळे, नियतकालिके आणि प्रदर्शने यांची घडी आधी ब्रिटनमध्ये बसली, म्हणून ही नोंद मुख्यतः तिथल्या परंपरेविषयी आहे.

जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘द मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी वाचकांच्या भेटीगाठींतून सोसायटी ऑफ मॉडेल इंजिनिअर्स उभी राहिली. पुढे तिच्या नावात ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द आला आणि ती आजही चालू आहे. १९०७ पासून प्रदर्शने भरू लागली. कारकून, शिक्षक, डॉक्टर, गिरणीतले फिटर असे सगळ्या थरांतले लोक या छंदात होते. दिवसभर कारखान्यात लेथ चालवून संध्याकाळी घरी पुन्हा लेथपाशी उभे राहणारेही काही कमी नव्हते!

दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन इथल्या मायफर्ड कंपनीचा एमएल-७ हा लेथ आला, आणि १९५० च्या दशकात सुपर-७. साडेतीन इंच सेंटर हाइटची (बेडपासून फिरत्या मध्याची उंची) ही यंत्रे ब्रिटिश शेडमध्ये इतकी रुजली की हौशी लोकांचे पुष्कळसे आराखडे त्यांच्या मापाला धरूनच निघू लागले. बीस्टनचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला. जुन्या मायफर्डना अजून गिऱ्हाईक असते, पण नव्याने सुरुवात करणारा बहुधा चिनी बनावटीचा मिनी लेथ घेतो.

हा मिनी लेथ भरतो जेमतेम चाळीस किलो. कारखान्यातला साधा लेथ टनावारी वजनाचा असतो. या छंदातल्या बहुतेक युक्त्या या एका फरकातून निघाल्या आहेत. जड यंत्र खोल कट निमूटपणे घेते. हलके यंत्र लवते, थरथरते आणि जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) लाटा उमटवते. कारखान्यात मुरलेला टर्नर घरच्या लेथवर पहिल्या आठवड्यात हमखास चिडतो तो यामुळेच. त्याचा अनुभव खोटा नसतो, पण तो दुसऱ्या वजनाच्या यंत्रावरचा असतो. म्हणून घरी काम करणाऱ्याला घरी काम करणाराच गुरू लागतो.

पहिला धडा टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, उंचीचा. टूलचे टोक जॉबच्या बरोबर मध्यावर हवे. ते वर राहिले तर धारेखालची बाजू घासते, खाली गेले तर कट नीट बसत नाही आणि फेसिंग (जॉबचे तोंड सपाट करणे) करताना मध्ये बोंड उरते. हे तपासायला सहा इंची स्टीलची पट्टी पुरते. लेथ बंद ठेवून पट्टी गोल जॉब आणि टूलचे टोक यांच्यामध्ये अलगद चिमटायची. ती ताठ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचे वरचे टोक आपल्यापासून लांब कलले तर टूल उंच आहे, आपल्याकडे झुकले तर खाली. मग टूलखाली पत्र्याचे तुकडे सरकवायचे. पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा यासाठी उत्तम, साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा.

फोर-जॉ चकला, म्हणजे जॉब धरणाऱ्या आणि चारही जबडे (जॉ) वेगवेगळे सरकणाऱ्या पकडीला, नवखे लोक घाबरतात, आणि त्यात घाबरण्यासारखे फारसे काही नाही. डायल (बारीक फरक दाखवणारे मापक) लावायचा, समोरासमोरचे दोन जॉ धरायचे, दोन्हीकडचे आकडे बघायचे आणि फरकाच्या निम्मे सरकवायचे. एका बाजूला ०.४० मिमी जास्त दिसले तर जॉब ०.२० ने ढकलायचा. मग दुसरी जोडी. सगळे जॉ एकाच वेळी सैल करणारा संध्याकाळभर तिथेच अडकतो.

हँडलच्या आट्यांत ढिलाई असतेच. त्यामुळे मापावर नेहमी एकाच दिशेने यायचे. पुढे गेलात तर जेवढे चुकले तेवढेच मागे फिरवून भागत नाही, चांगला एक फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे लागते. वेगाचे गणितही तोंडपाठ असावे : ३२० ला कापण्याच्या वेगाने (मिनिटाला मीटर) गुणायचे आणि मिमीतल्या व्यासाने भागायचे. माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला ३० मीटर धरले, तर २५ मिमी जॉबला साधारण ३८० फेरे येतात. कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या टिपांना याहून पुष्कळ जास्त वेग आणि ताकद लागते. छोट्या मोटरला ती झेपत नाही, म्हणून घरच्या ग्राइंडरवर घासलेले एचएसएस टूल इथे अजून टिकून आहे. आतले आटे पाडण्याआधीचे भोक म्हणजे व्यासातून पिच (दोन आट्यांमधले अंतर) वजा : एम-६ ला, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या आट्यांना, ५ मिमी, एम-८ ला पावणेसातच्या आसपास. पितळ मात्र वेगळ्याच स्वभावाचे. साधे ड्रिल त्यात एकदम ओढले जाते, कधी जॉबसकट. ड्रिलच्या दोन्ही ओठांवर दगडाने बारीकशी सपाटी काढली की ओढणे थांबते. असे घासलेले ड्रिल पितळेसाठी वेगळे ठेवायचे असते, कारण पोलादात ते नीट चालत नाही.

सगळ्यात बदनाम काम म्हणजे पार्टिंग, अर्थात अरुंद पात्याने जॉब तोडून वेगळा करणे. हलक्या लेथवर पाते मध्येच अडकते, जॉब त्यावर चढायला बघतो आणि पात्याचा तुकडा उडतो. यावरचा घरगुती उपाय म्हणजे मागचा टूलपोस्ट (टूल धरणारा ठोकळा) : पाते क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाच्या) पलीकडच्या बाजूला उलटे लावायचे. तिथे जोर आला तर पाते लवते ते जॉबपासून दूर. सोबत सॅडल (बेडवरून सरकणारा भाग) घट्ट आवळायचे, तेल सोडत राहायचे आणि हात थांबू द्यायचा नाही. भीतभीत केलेल्या पार्टिंगमध्ये पाते कापण्याऐवजी घासू लागते, आणि अडकते ते नंतर.

इंची लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचे चाक लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या असल्याने याहून लहान चाकात अचूक गुणोत्तर बसत नाही. चाक मोठे, क्वचित लागणारे. मंडळात एकाकडे असले की ते हातोहात फिरते.

सुरक्षेच्या नियमांत चर्चेला जागा नाही. चकची चावी चकमध्ये असेपर्यंत हातातून सुटता कामा नये. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे, अंगठी, लोंबती बाही चालत नाही. लांब वळलेली चिप बोटाने नव्हे, आकड्याने ओढायची. एकट्याने शेडमध्ये काम करणाऱ्याला हाक ऐकू येईल असे माणूस जवळ नसते, हे त्यामागचे कारण.

या छंदातला सहवास सर्वांत ठळक दिसतो तो बॉयलरपाशी. छोट्या इंजिनाचा बॉयलर बहुधा तांब्याचा, चांदीच्या सोल्डरने जोडलेला. हे सोल्डर ६०० अंश सेल्सिअसच्या वर वितळते आणि तांबे उष्णता झपाट्याने पळवते. त्यामुळे पाच इंची गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) इंजिनाच्या बॉयलरला एक ब्लोटॉर्च अनेकदा अपुरा पडतो. दुसरा माणूस दुसरा टॉर्च धरून उभा राहतो : एकाने पाठीमागून आच द्यायची, दुसऱ्याने सोल्डरची तार लावायची. नंतर मंडळाचा बॉयलर निरीक्षक येतो. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हवा पूर्ण काढून, कामाच्या दुप्पट दाबावर तपासला जातो. दर चौरस इंचाला ८० पौंड कामाचा दाब असेल तर १६० पौंडांवर. पाणी फारसे दाबले जात नसल्याने शिवण उसवली तरी स्फोट होत नाही. पुढच्या तपासण्या दीडपट दाबावर होतात. मग वाफेची चाचणी : आग भडकवून सेफ्टी व्हॉल्व्ह दाबाला दहा टक्क्यांपेक्षा वर जाऊ देत नाही ना, हे बघायचे. निरीक्षकाला स्वतःचा बॉयलर स्वतः पास करता येत नाही. प्रमाणपत्राशिवाय इंजिन मंडळाच्या रुळांवर येत नाही. मंडळात पाऊल न ठेवणाऱ्या एकांतप्रिय माणसालाही इथे दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

भांडणेही झाली. १९२४ मध्ये छोट्या इंजिनाचा बॉयलर कसा असावा यावरून इंग्लंडमध्ये गाजलेला वाद पेटला. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी आपल्या कोळशावरच्या ‘आयेशा’ या अडीच इंची गेजच्या इंजिनाने मोठी माणसे ओढून दाखवली. स्पिरिटवरच्या इंजिनांचा पक्ष त्यानंतर मागे पडत गेला. शिवणशिक्षिकेने टाके समजवावेत तसे हे गृहस्थ पुढे दर आठवड्याला एकेक भाग समजावून सांगत राहिले. त्यांचे ‘टिच’ हे साडेतीन इंची गेजचे इंजिन नवशिके अजून करायला घेतात.

महाराष्ट्रात हा छंद विरळा. आपल्याकडे लेथ म्हणजे पोटाचा धंदा : कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, पुण्याची भोसरी. घरी दुर्बीण करणारा हौशी आरसा स्वतः घासतो, पण माउंटचा शाफ्ट काढायला ओळखीच्या वर्कशॉपमध्येच जातो. उलट इंग्लंडातल्या हौशी माणसाला ओतीव भाग टपालाने मागवावे लागतात, आणि आपल्याकडे औद्योगिक वसाहतीत फाउंड्री हाकेच्या अंतरावर असते. लाकडापुरते बोलायचे तर कातारी ही जुनी कारागिरी. सावंतवाडीच्या लाखकामातली कातीव खेळणी त्यातलीच.

पाच इंची गेजचे इंजिन फावल्या वेळात पुरे व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि पुष्कळ इंजिने करणाऱ्याच्या हयातीत पुरी होत नाहीत. सभासद गेला की मंडळातले दोघेचौघे जाऊन शेड आवरतात, अवजारांची रास्त किंमत ठरवून पैसे घरच्यांच्या हाती देतात. अर्धवट चासी, सिलिंडरच्या ओतीव पेट्या आणि पेन्सिलीने मापे लिहिलेले आराखडे एका खोक्यात बांधून पुढच्या माणसाकडे जातात. पुढचा माणूस बहुधा त्याच मापांवर काम चालू करतो, आणि आधीच्याने कुठे दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जास्त काढले आहेत ते त्याला आटे बसवताना कळते.