फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता, पुणे (वाहतूक, पार्किंग व पुनर्रचना)

डेक्कन जिमखाना आणि शिवाजीनगर यांना जोडणारे, मुठा नदीच्या पश्चिमेकडील दोन जवळजवळ समांतर रस्ते. बोलण्यात एफसी रोड आणि जेएम रोड. पहिल्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. मात्र हे नाव सांगून रिक्षा करू पाहणाऱ्याला बहुधा पुन्हा ‘एफसी’च म्हणावे लागते. फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५), गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०), बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३), गरवारे, मॉडर्न आणि उत्तर टोकाला कृषी महाविद्यालय व अभियांत्रिकी महाविद्यालय (१८५४) अशा संस्था या दोन रस्त्यांच्या टप्प्यात येतात. त्यामुळे बाजारपेठ, नाट्यगृह, हॉटेले आणि हजारो विद्यार्थी यांची गर्दी एकाच पट्ट्यात होते. पुण्यातील पार्किंगचा जवळपास प्रत्येक वाद कधी ना कधी इथे येऊन गेला आहे.

दोन्ही रस्ते एकेरी आहेत. शिवाजीनगरकडून डेक्कनला फर्ग्युसन रस्त्याने यायचे, परत जंगली महाराज रस्त्याने जायचे. मधले घोले रस्त्यासारखे आडवे दुवे हा फेरा तोडतात. एकेरी वाहतुकीने चौकांतला गुंता कमी झाला, वाहनांचा वेगही वाढला. पण वेगवान, रुंद, एकेरी रस्ता ओलांडणे पायी माणसाला जड जाते. शिवाय डेक्कनच्या टोकाच्या गुडलक चौकातून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत सरळ जाता येत नसल्याने कडेकडेने उलट्या दिशेने येणारी दुचाकी हे इथले रोजचे दृश्य.

जंगली महाराज रस्त्याची ख्याती वेगळीच. १९७०च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने तो दहा वर्षांची हमी देऊन बांधला. हमी संपल्यानंतरही कित्येक पावसाळे तो खड्ड्यांविना राहिला, म्हणून पुण्यात खड्ड्यांचा विषय निघाला की आजही या रस्त्याचा दाखला दिला जातो.

आजूबाजूच्या गल्ल्यांत आणि नदीपलीकडच्या पेठांत ‘पी-१, पी-२’ची पद्धत चालते. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. महिना एकतीस दिवसांचा असला तर ३१ आणि १ या लागोपाठच्या दोन्ही तारखा विषम येतात आणि बाजू बदलायची सवय लागलेला माणूस फसतो. बाहेरगावाहून नुकताच शिकायला आलेला विद्यार्थी पाटी वाचायला शिकतो तो बहुधा पहिला दंड भरल्यावर. टोइंगचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी दिसला की चहाचे ग्लास खाली ठेवून पोरे धावतात. स्पीकरवरून नंबर पुकारला जातो, दोघेतिघे हँडल आणि मागची पट्टी धरून स्कूटर उचलतात, आणि मालक पोहोचेपर्यंत ती टेम्पोत गेलेली असते. चारचाकीला जॅमर लागतो. धाक आहे, पण तो टेम्पो दिसेपर्यंतच.

२०१६ मध्ये महापालिकेने रस्ते आरेखनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यानुसार जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना हाती घेतली. पदपथ रुंद झाले. झाडांभोवती बाके, मुलांसाठी खेळणी, सायकल मार्ग आणि आखलेली पार्किंगची जागा आली. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसे बसलेली दिसतात, हे या कामाचे खरे यश. व्यापाऱ्यांची तक्रार मात्र पार्किंग घटल्याची होती. प्रत्यक्षात घटली ती फुकटची, वाटेल तशी गाडी लावायची मुभा. आणि काही ठिकाणी दुचाकींनी नवा पदपथच आपलासा केल्यावर त्यांना रोखायला खांब रोवावे लागले.

पार्किंगचा दर हा तर सर्वांत नाजूक विषय. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केले. गर्दीच्या रस्त्यावर गाडी लावायची तर तासाने पैसे मोजा, हे त्याचे सूत्र. लगेच विरोध उसळला, आणि आधी मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करावा असे ठरले. फर्ग्युसन व जंगली महाराज या दोन रस्त्यांची नावे सशुल्क पार्किंगच्या प्रस्तावांत पुढेही येत राहिली. विरोधामागे एक वाजवी मुद्दा आहे: बस वेळेवर मिळत नसेल तर विद्यार्थ्याची दुचाकी ही चैन नव्हे. पण रस्त्याची कड दिवसभर फुकट अडवून ठेवणारी सगळीच वाहने विद्यार्थ्यांची नसतात. आणि सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, खोलीतून मेसला आणि मेसमधून अभ्यासिकेत पायीच जाणारी मुले या वादात कुणी मोजतच नाही.

जागेची तंगी नदीपात्रापर्यंत पोहोचली आहे. पात्रात एरवी गाड्यांच्या रांगा असतात. खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग वाढला की गाड्या हलवण्याच्या सूचना होतात, पात्रातला रस्ता बंद होतो, डेक्कनला पेठांशी जोडणारा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि ती सगळी वाहतूक इतर पुलांवर चढते.

पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करण्याचे प्रयोगही होतात, पण तारखेपुरते. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर वाहनांना बंदी असते. पेठांमधल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिना’साठी वाहनमुक्त केला गेला आणि पुढे हा दिवस पाळण्याची प्रथा पडली.

मेट्रोने चित्र थोडे हलवले. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून डेक्कन जिमखाना व छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके जोडली गेली. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत आहे. मात्र संभाजी उद्यान स्थानकातून फर्ग्युसनच्या फाटकाकडे निघालेल्याला आधी जंगली महाराज रस्ता ओलांडावा लागतो. दुसरीकडे, स्थानकांपासून ५०० मीटरच्या परिघात ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम) देण्याचे धोरण आल्याने जुने बंगले पाडून उंच इमारती उभारण्याला वेग येतो. मेट्रोजवळ वस्ती दाट व्हावी हा हेतू. प्रत्येक नव्या इमारतीला पार्किंगचे मजलेही बांधावे लागतात, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्या त्याच पी-१, पी-२च्या गल्ल्यांत येतात.