उन्हाने पुसलेला लाल: जुन्या सनबर्स्ट गिटारांचे रंग एकसारखे का नसतात

सनबर्स्ट म्हणजे मध्ये फिका आणि कडेकडे गडद होत जाणारा रंग. 1959 ची गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार घ्या आणि तिचा पिकगार्ड (तारांशेजारची प्लास्टिकची संरक्षक पट्टी) किंवा स्विचभोवतीची प्लास्टिकची गोल चकती सोडवून हळूच उचला. खाली बऱ्याचदा गडद चेरी लाल रंग दिसतो, आणि बाहेरची सगळी वरची बाजू मात्र मधासारखी पिवळसर झालेली असते. म्हणजे कारखान्यातून निघताना ती तशी नव्हतीच, आज दिसणारा बराचसा रंग साठ वर्षांच्या उजेडाने बनवलाय. मला या गिटारांमध्ये सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट हीच आहे.

या गिटार मिशिगनमधल्या कॅलामझूच्या कारखान्यात 1958 ते 1960 या काळात बनल्या, सगळ्या मिळून साधारण दीड हजार. मागचं अंग महॉगनीचं, वर मेपलची कोरलेली फळी. वरच्या बाजूला आधी पिवळा रंग द्यायचा, मग कडेकडेने लाल, त्यावर पारदर्शक लॅकरचे थर, आणि कडेच्या पांढऱ्या प्लास्टिक पट्टीवर म्हणजे बाइंडिंगवर उडालेला रंग पात्याने खरवडून काढायचा. लाल रंग मारायला साचा वगैरे काही नाही, माणूस हातात स्प्रे गन घेऊन गिटारच्या कडेने फिरवायचा, बस्स. गन अर्धा वीत जवळ गेली तर पट्टा अरुंद आणि गडद, लांब राहिली तर फवारा पसरून रुंद आणि फिका, कमरेच्या वळणावर हात जरा रेंगाळला तर तिथे लाल जास्त आत शिरणार. त्यामुळे एकाच आठवड्यात बनलेल्या दोन गिटारसुद्धा पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या.

यात थोडं फिजिक्स आहे. पारदर्शक रंगाचा थर प्रकाश शोषतो तो सरळ हिशोबात नाही, तर प्रत्येक नवा थर उरलेल्या प्रकाशातला ठराविक हिस्सा खातो. समजा एका थरातून हिरवा-निळा प्रकाश निम्मा पार होत असेल तर दुसऱ्यानंतर पाव उरतो आणि तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा. म्हणून पातळ भागात फवाऱ्याचा एक हात कमीजास्त झाला तरी डोळ्याला लगेच कळतं आणि कडेच्या जाड भागात दोन हात जास्त बसले तरी फारसा फरक दिसत नाही. सनबर्स्टचं खरं कसब त्या मधल्या धुरकट पट्ट्यात असतं ते याच्यामुळे.

आता उजेड. रंगाच्या रेणूमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते, तीच ठराविक प्रकाश शोषते आणि आपल्याला लाल दिसतो. अतिनील किरण आणि निळा प्रकाश यांच्यात इतकी ऊर्जा असते की हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने ही साखळी हळूहळू तुटते, आणि साखळी तुटली की रेणू तिथेच असतो पण रंग गेलेला असतो. 1958-59 मध्ये गिब्सनने वापरलेला लाल यात फारच कच्चा निघाला, पिवळा मात्र टिकला. आणि रंग सगळीकडे सारख्याच प्रमाणात उडाला तरी दिसताना तसं दिसत नाही, पातळ भागातला उरलासुरला लाल आधी नजरेआड होतो, शिवाय जाड भागात वरचा रंग खालच्याला सावली देतो, त्यामुळे लाल पट्टा नुसता फिका होत नाही तर कडेकडे सरकत अरुंद होतो. म्हणजे बर्स्टचा आकारच बदलतो!

मग दुकानाच्या काचेत टांगलेली गिटार वेगळी पिकते आणि केसमध्ये पलंगाखाली पडलेली वेगळी. काच अतिनीलचा एक भाग अडवते, सगळा नाही, आणि दिसणारा प्रकाश तर येतोच. म्हणून शौकिनांकडे लेमन, हनी, टी अशी नावं ऐकू येतात, पण हे कॅटलॉगमधले वेगवेगळे रंग नव्हते, कागदावर सगळ्या चेरी सनबर्स्टच. आधी पीटर ग्रीन, मग गॅरी मूर आणि आता मेटॅलिका बँडचा कर्क हॅमेट अशा नामवंत गिटारवादकांच्या हातात गेलेली 1959 ची ‘ग्रीनी’ बघा, तिच्यावर लाल जवळपास शोधावा लागतो.

1960 मध्ये गिब्सनने जास्त टिकाऊ लाल घेतला, म्हणून त्या वर्षीच्या बऱ्याच गिटार आजही टोमॅटो सूपसारख्या दिसतात. फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीकडेही हेच झालं, 1954 पासून तिची स्ट्रॅटोकास्टर गिटार दोन रंगी होती, 1958 ला मध्ये लाल आला, आणि सुरुवातीच्या त्या कित्येक गिटारांचा लाल उडून त्या परत दोन रंगी वाटायला लागल्या.

लाकूडही गप्प बसत नाही. नागमोडी तंतू असलेल्या मेपलमध्ये काही तंतू उजेड आपल्याकडे परतवतात आणि काही दुसरीकडे, गिटार जरा कलली की उजळ पट्टे काळे होतात आणि काळे उजळ, पैठणीचा पदर हलवल्यावर रंग खेळतो तसं. लाल उडाला की हे पट्टे जास्त स्पष्ट दिसतात. त्यात या गिटारांवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर स्वतःच वयाबरोबर पिवळं पडतं, ते लवचिक ठेवणारी द्रव्यं उडून जातात, मग थंडीतून एकदम उबेत आणली की लाकूड आणि लॅकर वेगवेगळे आकसतात-फुगतात आणि बारीक भेगांची जाळी उमटते.

म्हणून कुणी अशी गिटार ‘मूळ रंगात आणायची’ म्हणून परत रंगवायला काढली की मला खरंच वाईट वाटतं, कारण नवा लाल मारता येईल पण साठ वर्षांचा उजेड परत मारता येत नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारला तर जुनं लॅकर सहसा हिरवट-पिवळं चमकतं, आणि नंतर कुणी रंग लावलेला भाग वेगळा, बऱ्याचदा काळपट डाग होऊन उठून दिसतो. जुनी गिटार विकत घेणारे जाणकार लोक आवाज ऐकायच्या आधी हा टॉर्च काढतात.