१८ इंची की २२ इंची? जुनी चेनसॉ घेताना टेप नेमकी कुठून लावायची

निसर्ग वादळ झालं ना, ३ जून २०२० ला, त्यानंतर आमच्या श्रीवर्धन बाजूला बऱ्याच घरांत चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, आल्या, कारण सुपारीच्या बागा आडव्या, अंगणात आंबा पडलेला, कोयता-कुऱ्हाड किती दिवस चालवणार. त्यातल्या काही मशीन काम संपल्यावर पडवीत पडून राहिल्या आणि आता विकायला निघतात. मी अशीच एक घेतली, ५८ सीसीची, "२२ इंची बार आहे" असं सांगून दिलेली. बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लांब लोखंडी पट्टी. विकणाऱ्याने बार काढून माझ्यासमोर टेप लावून दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर २२ भरली. चेन झिजलेली होती म्हणून मी २२ ची नवी मागवली, बसवली, चेन ताणायचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी चेन बारखाली लोंबतेच आहे.

चूक टेपची नव्हती, लांबीची होती. बारला दोन लांब्या असतात आणि लोक दोन्हीला "इंच"च म्हणतात.

एक म्हणजे एकूण लांबी, सुटा बार हातात घेऊन शेपटीपासून (मशीनकडचं टोक) नाकापर्यंत (पुढचं टोक) मोजलेली. दुसरी कापायची लांबी, म्हणजे बार मशीनला लावलेला असताना बॉडीतून जिथे बाहेर येतो तिथपासून नाकापर्यंत. शेपटीकडचा तीन-चार इंचाचा भाग, ज्यात बोल्टची लांब खाच आणि ऑइलचं भोक असतं, तो कव्हरच्या आत जातो, त्याने लाकूड कधीच कापलं जात नाही. कंपनी बारला १६, १८, २२ म्हणते ती कापायची लांबी, आणि ती पण जवळच्या वरच्या आकड्याला नेलेली, म्हणजे टेपवर साडेसतरा आलं तर तो १८ चा बार. माझा सुटा २२ भरलेला बार असा १८ चा निघाला. म्हणून फोनवर कुणी इंच सांगितले की बार मशीनवर असतानाच बॉडीला टेप टेकवून फोटो पाठवा म्हणा, सुट्या बारचा नको.

त्याहून पक्की खूण म्हणजे चेनच्या आतल्या बाजूचे दात मोजायचे, जे बारच्या खाचेत फिरतात, त्यांना ड्राइव्ह लिंक म्हणतात. या ५८ सीसीच्या मशीनांना साधारण ०.३२५ पिचची चेन असते आणि तिच्यात १८ च्या बारला ७२ दात, २२ ला ८६ असे येतात. पण दुकानात नुसते दात सांगून भागत नाही, पिच आणि गेज पण सांगा. पिच म्हणजे चेनच्या कड्या जोडणाऱ्या लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं (पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं) अंतर भागिले दोन, आणि गेज म्हणजे त्या आतल्या दाताची जाडी. गेज जाड असलं तर चेन खाचेत जाणारच नाही, बारीक असलं तर आत डुलत राहील. हे आकडे बहुतेक वेळा बारच्या शेपटीजवळ ठोकलेले असतात, जुन्या बारवर काळं ऑइल साचलेलं असतं ते रॉकेलच्या फडक्याने पुसा म्हणजे दिसतात.

आता यातूनच दुसरा घोळ होतो, लांब बार म्हणजे दमदार मशीन असं धरून चालतात. दम सीसीत असतो. ३०-३५ सीसीच्या मशीनला १४-१६ इंच बास, ५८ ला १८-२० छान चालतो, २२ लावून चिंच किंवा ऐन कापायला गेलात तर चेन लाकडात अडकते, क्लच घसरून तापतो आणि नाकापर्यंत ऑइल नीट पोचत नाही. आणि आपल्याला कापायचंय काय ते पण बघा की! सुपारी जेमतेम वीतभर, माड साधारण फूटभर, याला १६ पुरतो. खोडाच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त इतका बार घ्या, क्वचित जाड आंबा आला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. लांब बारचं नाक पलीकडे कुठे टेकतंय ते दिसत नाही आणि नाकाचा वरचा भाग कशाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते, ही भीती मला खरंच वाटते, म्हणून चेन ब्रेक (मशीन उसळली की चेन जागीच थांबवणारा) चालत नसेल तर ती मशीन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

बाकी जुन्या मशीनचं बघायचं तर आधी सायलेन्सरला हात लावा, गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेली आहे, थंड होऊ द्या आणि मग दोरी ओढायला सांगा. सायलेन्सरचे स्क्रू काढून आत पिस्टन बघा, उभे ओरखडे दिसले तर परत फिरा. सुरू झाली की नाक एखाद्या सुक्या ओंडक्यासमोर वीतभर अंतरावर धरून रेस द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

माझी ती २२ ची चेन वाया नाही गेली. दुकानदाराने रिव्हेट तोडून १४ दात कमी केले, परत जोडून दिली, आणि आता तीच १८ च्या बारवर चालते.