हृदयातल्या अमिलॉइडवरची औषधं आली कुठून?

ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होणारं साधं प्रथिन. थायरॉइडचं हार्मोन आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणं हे त्याचं काम. चार तुकड्यांची त्याची चौकडी फुटली की सुट्या तुकड्यांची घडी बिघडते आणि त्यांचे तंतू, म्हणजेच अमिलॉइड, हृदयाच्या स्नायूत साचतात. हृदय ताठर होतं, धाप लागते. यावर आज औषधं आहेत, पण त्यांचा शोध लागला मज्जातंतूंच्या दुखण्यातून.

पोर्तुगालमध्ये पोव्हुआ द वार्झिम परिसरातल्या मासेमार कुटुंबांत पायांची संवेदना जाण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. पोर्तोचे डॉ. कोरिनो द आंद्राद यांनी 1952 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. पुढे दोषी जनुक सापडलं, ते याच प्रथिनाचं. 1990 साली स्वीडनमध्ये थेट यकृतच बदलून पाहिलं. पण यकृत बदलूनही काहींचं हृदय बिघडतच गेलं. शिवाय म्हातारपणी जनुकात दोष नसतानाही हे प्रथिन हृदयात साचतं. अशांची संख्या मोठी, आणि त्यांच्याकडे लक्ष गेलं फार उशिरा.

खरी कलाटणी दिली ती पोर्तुगालमधल्याच काही माणसांनी. दोषी जनुक असूनही त्यांना आजार जवळपास होत नव्हता, कारण जनुकाच्या दुसऱ्या प्रतीतला वेगळा बदल ती चौकडी घट्ट धरून ठेवत होता. हेच काम एखादा रेणू करील का, या प्रश्नामागे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जेफ्री केली लागले आणि त्यातून टाफामिडिस आलं. युरोपात 2011 साली त्याला मान्यता मिळाली, तीही मज्जातंतूंसाठीच. हृदयावरच्या चाचणीचे निकाल 2018 साली आले: 441 रुग्ण, 30 महिने, औषध घेणाऱ्यांत मृत्यू 29.5 टक्के, न घेणाऱ्यांत 42.9. अमेरिकेत किंमत ठरली वर्षाला सव्वादोन लाख डॉलर. इतकं महाग औषध किती जणांच्या हाती लागणार?

तोवर निदानही सोपं झालं होतं. हाडांच्या स्कॅनला रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्यांची जोड दिली की बहुतेकांच्या हृदयाचा तुकडा काढावा लागत नाही.

2024 मध्ये अकोरामिडिस आलं, तेही चौकडी धरून ठेवणारं. 2025 मध्ये अमेरिकेत हृदयासाठी मान्य झालेलं व्हुट्रिसिरान मात्र यकृतातलं उत्पादनच घटवतं. जनुक कापणाऱ्या क्रिस्परच्या चाचण्या त्याच वर्षी यकृताला झालेल्या गंभीर इजेमुळे थांबवाव्या लागल्या. आधीच साचलेले तंतू उपसून काढतील अशा प्रतिपिंडांची परीक्षा अजून चालू आहे.