टायटॅनियमच्या बोल्टची टेन्साइल चाचणी आणि फटीग चाचणी: एक ताकद सांगते, दुसरी आयुष्य

टायटॅनियम मिश्रधातूच्या बोल्टसोबत येणाऱ्या चाचणी-अहवालात बहुधा एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे तन्य सामर्थ्य, म्हणजेच टेन्साइल स्ट्रेंग्थ. तो आकडा मोठा दिसला की बोल्ट दणकट आहे आणि त्यामुळे तो टिकेलही, असे घेणारा मनाशी ठरवून टाकतो. परंतु दणकट असणे निराळे आणि टिकणे निराळे. पहिली गोष्ट टेन्साइल चाचणीत कळते, दुसरी फटीग म्हणजे श्रांती चाचणीत. आणि टायटॅनियमच्या बाबतीत या दोहोंतील अंतर पोलादापेक्षा अधिक काळजीने पाहावे लागते.

बोल्टसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू ग्रेड ५ या नावाने ओळखला जातो. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. ॲनील केलेल्या, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेल्या स्थितीत त्याचे तन्य सामर्थ्य किमान ८९५ मेगापास्कल असावे लागते. एम८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टच्या आट्यांच्या भागात हिशेबाला धरले जाणारे क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर असते, म्हणजे असा बोल्ट तुटण्यापूर्वी सुमारे ३२.८ किलोन्यूटन, अर्थात साधारण ३.३ टन ओढ सहन करतो. याच मापाचा ८.८ श्रेणीचा पोलादी बोल्ट २९.३ आणि १०.९ श्रेणीचा ३८.१ किलोन्यूटन घेतो. ग्रेड ५ या दोहोंच्या मधे बसतो, तेही पोलादाच्या सुमारे ५६ टक्के वजनात. (८.८, १०.९ ही चिन्हे ज्या आयएसओ ८९८-१ मानकातून आली, ते केवळ कार्बन आणि मिश्र पोलादासाठी आहे. टायटॅनियमच्या बोल्टच्या जाहिरातीत ती दिसली, तर विक्रेत्याने नेमके काय मोजले हे विचारून घ्यावे.)

टेन्साइल चाचणी होते ती यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर. बोल्टचे डोके एका पकडीत आणि आट्यांवर चढवलेला नट दुसऱ्या पकडीत बसवून तो तुटेपर्यंत सावकाश ओढला जातो. काम काही मिनिटांत आटोपते. या चाचणीतून धातू योग्य आहे की नाही, उष्णतोपचार नीट झाला की नाही आणि डोके आणि शँक (डोक्याखालचा दांडा) यांच्या सांध्यात ढोबळ दोष आहे का, एवढे समजते, आणि प्रत्येक लॉटमधील नमुने तपासण्यासाठी ती अत्यावश्यक आहे. मात्र तिने दिलेले उत्तर एकदाच, सावकाश आणि कमाल भार आला तर काय होईल, एवढ्याच प्रश्नाचे असते.

प्रत्यक्षात बोल्ट असा एका ओढीत क्वचितच तुटतो. तो तुटतो कमाल भाराच्या बऱ्याच खालच्या, पण लाखो वेळा चढणाऱ्या-उतरणाऱ्या भाराने. फटीग चाचणीत हेच घडवून आणतात. बोल्टवर भार वर-खाली होत राहतो आणि किती आवर्तनांनंतर तो तुटतो, हे मोजले जाते. विमानउद्योगात सहसा किमान भार कमाल भाराच्या एक दशांश ठेवतात, म्हणजे बोल्ट कधीच पूर्ण सैल पडत नाही. सेकंदाला २० आवर्तने धरली, तरी एक कोटी आवर्तनांना जवळजवळ सहा दिवस लागतात, आणि एकाच लॉटमधील बोल्टांचे निकाल एकमेकांपासून इतके लांब जातात की एकाच नमुन्यावर काहीही ठरवता येत नाही. ही चाचणी महाग पडते ती यामुळेच, आणि स्वस्त मालाच्या अहवालातून ती गळते तीही यामुळेच.

दोन्ही चाचण्यांतील खरा फरक आटे कसे पाडले यात उघडा पडतो. लेथवर कापलेल्या आट्यांच्या तळाशी टूलच्या बारीक खुणा राहतात. शिवाय टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नसल्याने कापताना ती धारेपाशीच साचते आणि पृष्ठभाग बिघडू शकतो. रोलिंगने दाबून उठवलेल्या आट्यांच्या तळाशी मात्र धातू दाबलेल्या अवस्थेत राहतो, आणि तो दाब तडा उघडू देत नाही. आता रोलिंग आधी आणि उष्णतोपचार नंतर केला, तर भट्टीत हा दाब बराचसा निघून जातो. उलट क्रमाने केले, तर तो टिकतो. यूटीएमवर हे दोन्ही बोल्ट जवळजवळ सारख्याच भाराला तुटतील आणि अहवालात तोच आकडा येईल. फटीग मशीनवर मात्र त्यांच्या आयुष्यात मोठी तफावत दिसेल. माझ्या मते टायटॅनियमच्या बोल्टबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल, तर तो हाच असावा: आटे रोल केले आहेत का, आणि ते उष्णतोपचारानंतर केले आहेत का?

तुटलेले दोन बोल्ट शेजारी ठेवले, तर कोणता कशाने गेला हे भिंगातूनही ओळखता येते. ओढून तुटलेला बोल्ट तुटण्याच्या जागी बारीक झालेला असतो, टोकाशी वाटीसारखा खळगा आणि भोवती तिरकी कड दिसते. श्रांतीने तुटलेला बोल्ट बारीक झालेला नसतो. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा एका कडेपासून पसरत गेलेल्या दिसतात, आणि शेवटी जो तुकडा एका झटक्यात तुटला तेवढाच खडबडीत असतो. त्या रेषा जिथून निघतात ती जागा बहुधा नटाच्या पहिल्या आट्याशी किंवा डोक्याखालच्या वळणात सापडते, कारण नटाचा पहिलाच आटा एकूण भाराचा सुमारे एक तृतीयांश भाग उचलतो.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० विमान कोसळून ११२ माणसे दगावली, त्याचे मूळ बोल्टमध्ये नसून इंजिनाच्या पंख्याच्या चकतीत होते. पण ती चकती याच मिश्रधातूची होती. धातू वितळवताना आत राहिलेल्या एका कठीण दोषापासून तडा सुरू झाला आणि वर्षानुवर्षांच्या उड्डाणांत वाढत गेला. धातूचे सरासरी सामर्थ्य कितीही चांगले असले, तरी श्रांती सर्वांत दुबळा बिंदू शोधते, हे इतक्या जड किमतीने शिकावे लागले.

फटीगच्या अहवालात नुसती आवर्तनांची संख्या असेल, तर ती वाचता येत नाही. कमाल भार, किमान भार, नमुन्यांची संख्या आणि वापरलेला नट हे सोबत असावेच लागते. वापरलेला बोल्ट पुन्हा लावावा का, या प्रश्नाला तर दोन्ही चाचण्या निरुपयोगी आहेत, कारण दोन्हीत बोल्ट नष्ट होतो. तिथे पेनिट्रंट चाचणी करावी. टायटॅनियम चुंबकाला दाद देत नसल्याने पोलादासाठीची मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी इथे चालत नाही. फ्लोरोसंट द्रव लावून, पुसून, अतिनील प्रकाशात आट्यांचे तळ आणि डोक्याखालचे वळण पाहावे, आणि बारीकशी रेघ जरी चमकली तरी तो बोल्ट बाजूला काढावा.